उन्हावरचं दळण

ऐन उन्हाळ्यात डीपी जळाली आणि गिरणीवाल्या काकूंच्या झोपेचं खोबरं झालं.

आधी मोठा आवाज झाला, मग ट्रान्सफॉर्मरमधलं तेल गळालं, मग सगळीकडे काळोख. वीज कंपनीची माणसं आली, मान वर करून बघून गेली. नवीन डीपी येईपर्यंत पलीकडच्या वस्तीच्या डीपीवरून पाळीपाळीनं वीज द्यायची असं ठरलं. पाळीचा कागद पारावर चिकटवला होता, पण वीज काही तो कागद वाचून येत नव्हती. कधी पहाटे चारला यायची, कधी जेवायला पानावर बसल्यावर. आली की दोन-अडीच तास राहायची, आणि तेवढ्यात रांगेतली सगळी पोती दळून व्हायला हवीत. काकूंनी गिरणीतला बल्ब कायम चालूच ठेवला होता. तो लागला की उठायचं.

गिरणी घराच्या पुढच्या पडवीत होती. तिचा कारभार काकूंचा. नवऱ्याचा त्यात हात एवढाच, की मोटर बिघडली की दुरुस्त करायची आणि दगड झिजला की त्याला टाकी लावायची. त्याला सगळे वायरमन म्हणत. नोकरी संपून अकरा वर्षं झाली होती, पण नाव काही संपलं नव्हतं. अजूनही कुणाच्या घरात दिवा फडफडला की माणूस आधी त्याच्या दाराशी यायचा. अडतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस. डाव्या तळव्यावर भाजल्याचा वण होता, त्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती. गुडघे तर असे वाजायचे की तो यायच्या आधी ते यायचे.

त्या दिवशी वीज भरदुपारी आली. पहाटेही येऊन गेली होती, त्यामुळे काकू चारपासून उभ्याच होत्या. वायरमन ताटावर बसला होता. गिरणीचा आवाज ऐकत जेवायची त्याला सवय. आवाज बदलला की कळायचं, दगडावरच्या नसराळ्यातलं धान्य संपलं. आज आवाज बदलला, दगड कोरडा घासायला लागला, आणि तरी कुणी धान्य ओतेना.

तो तसाच उष्ट्या हातानं उठला.

काकू मोटरीशेजारच्या पोत्यावर बसल्या होत्या. मान भिंतीला टेकलेली, तोंड उघडं. बसल्या बसल्या झोप लागली होती. डोक्याला पिठासाठी बांधलेला रुमाल सैल होऊन खांद्यावर आला होता आणि त्याचं टोक मोटरीच्या पट्ट्याच्या वाऱ्यानं हलत होतं. वायरमननं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पट्ट्यानं ते टोक धरलं.

आपण स्विचपर्यंत कसे पोचलो हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. मोटर बंद पडली, पट्टा आणखी दोन फेरे फिरून थांबला. रुमालाची गाठ गळ्यावर न बसता सुटली होती, म्हणून बरं. काकूंच्या मानेवर लाल वळ उठला होता.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. गव्हाचं पीठ होतंय आणि तुझं व्हायचं राहिलं."

काकूंनी हातात आलेला फाटका रुमाल बघितला. मग म्हणाल्या, "आधी स्विच टाका. बाहेर चार बायका उभ्या आहेत."

त्यानं टाकला नाही. बायकांना परत पाठवलं आणि पहिल्यांदाच बायकोच्या शिव्या खाल्ल्या. तशा रोजच खायचा, पण गिऱ्हाइकांसमोर पहिल्यांदाच.

संध्याकाळी मानेला तेल लावून घेताना काकूंनी विषय काढला. "ते उन्हाचे पॅनल बसवू या आपण."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दिवसा दळेन, रात्री झोपेन. माणसासारखी."

"पंचवीस वर्षं टिकतात म्हणे ते." वायरमन हसला. "मी एकाहत्तरचा, तू सदुसष्टची. पॅनल टिकतील गं, आपलं काय? अर्ध्या वाटेत मालक गेला तर पॅनलांनी कुणाकडं बघायचं?"

"म्हणजे आपण मरणार म्हणून आजपासून दातही घासायचे नाहीत का?"

"दात राहिलेत किती?"

"ते माझे मी मोजते. तुम्ही नीट चोळा."

विषय तिथं थांबला असं वायरमनला वाटलं. काकूंचा विषय कधी थांबत नसतो, तो फक्त बसून दम घेतो.

चार दिवसांनी पॅनलचा एक विक्रेता दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात जाड फाइल. त्यानं छपराकडे बघितलं, मोटर न बघताच मान डोलवली आणि बोलायला लागला. वीज कंपनीच्या तारेलाच जोडायचं, जास्तीची वीज कंपनी घेणार, बिल शून्यावर येणार, पाच-सहा वर्षांत सगळं वसूल.

"आणि वसूल व्हायच्या आधी आम्हीच वसूल झालो तर?" वायरमन म्हणाला.

विक्रेता हसला. त्याला हे रोज ऐकावं लागत असणार.

"बरं, ते सोडा. एक सांगा. तारेतली वीज गेली की हे चालणार का?"

विक्रेत्यानं फाइलचं पान उलटलं. "तसं... वीज गेली की हेही बंद होतं. आपोआप. नियमच आहे तसा."

"का आहे?"

"सुरक्षेसाठी."

"कुणाच्या?"

विक्रेत्याला ते माहीत नव्हतं, किंवा कुणी इतकं खोलात विचारलं नव्हतं. तो जरा पुढं सरकला, आवाज खाली आणला. "पण त्यावर युक्ती आहे, काका. एक छोटा स्विच आतून टाकून देतो. वीज गेली तरी चालत राहील. कुणाला कळणार नाही."

वायरमन उठला. गुडघे वाजले. त्यानं विक्रेत्याची फाइल बंद केली, त्याच्या काखेत दिली आणि दार दाखवलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "ज्याला कळतं ना, तो सांगायला उरत नाही."

काकू चहाचा कप घेऊन आल्या तेव्हा पाहुणा फाटकाबाहेर होता. त्यांनी कप नवऱ्यापुढं ठेवला आणि शेजारी बसल्या. तो का उठला ते त्यांना माहीत होतं. पस्तीस वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात याच्या जोडीचा माणूस खांबावर होता. लाईन बंद केलेली, याच्या हातांनीच. खाली एका दुकानदारानं आपला जनरेटर चालू केला आणि मेन स्विच खाली ओढायचा राहिला. वीज उलटी तारेत चढली. वर जाऊन यानंच त्याला दोर बांधून उतरवला. तळव्याचा वण त्याच दिवशीचा. त्या घरच्या बाईला काकू पुढं कितीतरी वर्षं पीठ दळून देत होत्या, पैसे न घेता.

"चहा गार होतोय," त्या म्हणाल्या.

"असं काही आपल्या छपरावर नको," तो म्हणाला.

"नकोच."

दुसऱ्या दिवशी तो वीज कंपनीच्या ऑफिसात गेला, डीपीचं काय झालं ते विचारायला. धुतलेला शर्ट घातला होता. वाटलं होतं, कुणीतरी उठून खुर्ची देईल. टेबलामागच्या तरुण साहेबानं मान वर न करता सांगितलं, "आजोबा, बिल भरायची खिडकी पलीकडं." बिल नाही, डीपी, असं म्हटल्यावर अर्ज लिहून आणायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसून वायरमननं अर्ज लिहिला. डोक्यावरचा पंखा खरखरत होता. तो यानंच कधीतरी टांगला होता. अर्जाखाली सही करून त्यानं हुद्दा लिहिला, मग तो खोडला.

घरी येऊन त्यानं हे काही सांगितलं नाही. पण शर्ट काढून खुंटीला न लावता खाटेवर फेकला, त्यावरून काकूंना काय कळायचं ते कळलं.

त्यांनी नवऱ्याला न विचारता शिडीला निरोप धाडला.

शिडी म्हणजे वायरमनचा जुना मदतनीस. उंच, काटकुळा, कायम खांद्यावर शिडी घेऊन फिरायचा, म्हणून ते नाव. आता पन्नाशी गाठली होती, पोट सुटलं होतं, नोकरी सोडून पॅनल बसवायचं काम करत होता. नाव मात्र तेच. आल्या आल्या त्यानं वायरमनच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "दादा, वहिनींनी बोलावलं म्हणून आलो. तुम्ही हाकलणार असाल तर आधी चहा घेतो, मग जातो."

"बस. तारेला जोडायचं नाही, हे आधीच सांगतो."

"कोण जोडतंय? मोटरीला सरळ पॅनलवर घ्यायचं. मधे एक पेटी. तारेशी संबंधच नाही, बॅटरी नाही. ऊन पडलं की दगड फिरेल, ऊन गेलं की थांबेल. शेतातले पंप चालतात तसं."

हे वायरमनला सुचलं नव्हतं. आणि सुचलं नव्हतं याचा जरा रागही आला.

"छप्पर बघू," तो म्हणाला.

"मी बघतो. तुम्ही खाली थांबा."

"तुला चढायला शिकवलं कुणी?"

काकू आतून ओरडल्या, "अहो, चढू नका!" तोवर वायरमन भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या चौथ्या पायरीवर होता. चढताना गुडघ्यांनी फार कुरकुर केली नाही. वर जाऊन त्यानं पत्रे ठोकून बघितले, दिशा बघितली, आंब्याची सावली किती वाजता कुठपर्यंत येते ते खाली उभ्या शिडीला समजावून सांगितलं. छाती भरून आली होती. उतरायला म्हणून वळला, पाय खाली सोडला, आणि गुडघा वाकेचना. दुसरा पाय सोडून बघितला. तोही लटलटायला लागला. पत्रा चटके देत होता. तो छपराच्या कडेला पोटावर पडून राहिला, पाय हवेत.

रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली. पोतं घेऊन आलेली एक बाई डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागली.

"वायरमन, वर काय हरवलं?" एकानं विचारलं.

"अक्कल," काकू खालून म्हणाल्या. पण त्यांनी टेकवलेल्या शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले होते आणि बोटं पांढरी पडली होती.

मदतनीस शिडी भिंतीच्या शिडीवर अर्ध्यापर्यंत चढला. त्यानं दादाचा डावा घोटा धरला. "डावा पाय खाली, दादा. पायरी लागली? आता वजन टाका. आता उजवा. खाली बघायचं नाही, हाताकडं बघायचं." वायरमननं हेच शब्द याच सुरात हजारदा उच्चारले होते. एकेक पायरी, मुलाला उतरवतात तसा तो उतरला. जमिनीवर पाय टेकल्यावर काकूंनी त्याच्या पोटावरची पत्र्याची धूळ झटकली. बऱ्याच जोरानं झटकली.

त्या रविवारी मुलगी आली. शहरात शिकवायची, महिन्यातून एकदा यायची. तिला सगळं फोनवर कळलंच होतं. रुमालाचंही, छपराचंही.

"बाबा, पैसे कुठून आणणार?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "हो, कुठून?"

"आहेत."

"कुठले आहेत? गुडघ्याचे?"

ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते. मुलीनं दोन वर्षं मागं लागून ते बाजूला ठेवायला लावले होते.

"दोन्ही गुडघे कशाला हवेत?" वायरमन म्हणाला. "आता खांबावर थोडंच चढायचंय."

"मग मला पॅनल नको," काकू म्हणाल्या.

"तूच तर म्हणत होतीस!"

"म्हणत होते. आता नाही म्हणत. तुमच्या गुडघ्यावर माझी गिरणी चालवायची नाही मला."

"आई, मी म्हणते गिरणीच बंद करा ना," मुलगी म्हणाली. "माझ्याकडं या. दोन खोल्या रिकाम्या पडल्यात."

काकूंनी मुलीच्या हातावर हात ठेवला. "येईन गं. हात चालेनासे झाले की येईनच, तू नको म्हणालीस तरी. पण अजून चालतायत. सकाळी दार उघडलं की कुणीतरी पोतं टेकवतं आणि विचारतं, काकू, कधी येऊ? ते विचारणारं कुणी नसलं, तर मी उठायचं कशाला?"

मुलगी जाताना वायरमनला एवढंच म्हणाली, "काय करायचं ते करा, पण दोघं मिळून ठरवा. एकमेकांसाठी परस्पर त्याग करत बसू नका. तुमच्या भांडणाचे फोन मला येतात."

आणि त्याच आठवड्यात नवीन डीपी आली. वाजतगाजत आली असं म्हणायला हरकत नाही, कारण ट्रॅक्टरमागं अर्धं गाव चालत होतं. संध्याकाळी घराघरात दिवे लागले. काकू म्हणाल्या, "सुटलो. आता कशाला पॅनल न् बिनल."

वायरमनही तेच म्हणणार होता. पण पारावर पाळीचा नवा कागद लागला होता आणि सवयीनं तो वाचायला थांबला. घरच्या दिव्यांना वीज दिवसरात्र होती. मोटरींची वीज मात्र पहिल्यासारखीच, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे वेळापत्रक त्याला पाठ होतं. डीपी जळायच्या आधीही तेच होतं. तो नोकरीला होता तेव्हाही थोड्याफार फरकानं तेच. सबस्टेशनात बसून रात्री बाराला मोटरींची लाईन चालू करायची ड्युटी कैक वर्षं त्याची असायची. स्विच टाकायचा, वहीत वेळ लिहायची, बिडी पेटवायची. आणि इकडे गिरणीत मोटरीच्या लाईनवरचा बल्ब लागायचा आणि ही उठायची. पोरगी पाळण्यात असतानाही उठायची. सकाळी तो आला की गरम चहा द्यायची आणि कधी म्हणाली नाही, की रात्री तुम्ही मला उठवलंत.

त्याच्या डोक्यात हे आजवर कधी आलं नव्हतं.

घरी येऊन तो सरळ गिरणीत गेला. मोटरीवरची पाटी पुसून वाचली, पट्टा मोजला, दगड मोजला, खडू घेऊन भिंतीवर आकडे लिहिले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ही पाच हॉर्सपॉवरची मोटर आपल्याला कशाला?" तो म्हणाला. "पूर्वी लग्नसराईची पोती यायची. आता चार घरांचे डबे येतात. तीनची मोटर, लहान दगड. दहाऐवजी सात पॅनल लागतील. मोटर मी जुनी आणून तिच्या आतल्या तारा नव्यानं गुंडाळून घेतो, तेवढं येतं मला अजून. गुडघ्याचे अर्धेच पैसे लागतील. एक गुडघा यंदा करू, दुसरा पुढच्या वर्षी."

"एक गुडघा करून माणूस चालतो का?"

"एका गुडघ्यावर चालतो, एका बायकोवर चालतो. चालतो."

"आणि छपरावर धूळ पुसायला कोण चढणार? तुम्ही?"

"छपरावर नाहीच बसवायचे. अंगणात. कपडे वाळत घालतेस तिथं, कमरेएवढ्या लोखंडी चौकटीवर. सावली येत नाही तिथं, मी बघितलंय. खाली उभं राहून फडक्यानं पुसता येतील."

"कपडे कुठं घालू मग?"

"मागं घाल."

"मागं ऊन नसतं."

"मग दोरी मी बांधतो हवी तिथं. पण पॅनल बसवायचे."

"आता तर डीपी आली. कशासाठी एवढं?"

वायरमनला बरंच काही सांगायचं होतं. स्विच, वही, पाळणा. त्यानं खडू खाली ठेवला, हात पुसले. "तू रात्री झोपावंस असं मला वाटतं," तो म्हणाला. "आहेत तेवढ्या रात्री."

काकूंनी मान वळवली. भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "भिंत खराब केलीत. पुसणार कोण?"

शिडीला सगळं उभं करायला तीन दिवस लागले. वायरमन खुर्ची टाकून बसला आणि प्रत्येक नटाला नावं ठेवत राहिला. मधेच उठून स्वतःच तारा जोडायचा, न मिटणाऱ्या बोटांच्या हातानं स्क्रू धरायचा. शिडी निमूटपणे दुसरीकडे बघायचा आणि नंतर तो स्क्रू एकदा आवळायचा. हेही वायरमनच्या लक्षात आलं.

पहिल्या सकाळी साडेनऊला दगड हळूहळू फिरायला लागला. उन्हाबरोबर वेग चढला, आणि दहाच्या पुढं त्यानं सूर धरला. रांगेत बसलेल्या बायका पॅनलांच्या सावलीत सरकल्या. मधे एक ढग आला तेव्हा दगड मंदावला, तशा त्या वर बघून ढगालाच बोल लावायला लागल्या. एकीनं विचारलं, "काकू, पिठाला उन्हाचा वास नाही ना लागणार?"

"लागेल की. वासाचे वेगळे पैसे."

चारला ऊन कललं, दगडाचा आवाज उतरत गेला आणि थांबला. बंद करावा लागला नाही. काकूंनी पीठ झाडलं, हात-तोंड धुतलं, रुमाल सोडला. मग अंगणात येऊन उभ्या राहिल्या. स्वयंपाकाला अजून वेळ होता. गिरणी उद्यापर्यंत चालणार नव्हती. बल्बाकडं बघायचं काम नव्हतं.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"लोक काय करतात?"

"काय माहीत बाई."

शेवटी दोघं फिरायला निघाली. वायरमन काठी टेकत, काकू त्याच्या चालीनं, दर चार पावलांनी थांबत. कालव्यापर्यंत रस्ता पक्का झाला होता, हे काकूंना माहीत नव्हतं. "हा कधी झाला?" "झाली पाच वर्षं." पुढं एक दुमजली घर होतं. "हे कुणाचं?" त्यानं सांगितलं. त्या घरचं दळण त्या वीस वर्षं दळत होत्या, पण घर आज बघत होत्या. त्यांनी कुंपणावरच्या वेलीचं एक पान खुडलं, वास घेतला आणि नाव विचारलं. वायरमनला ते आलं नाही.

कालव्याच्या कठड्यावर दोघं बसली. पाणी कमी होतं, पण होतं. पलीकडच्या रानात कुणी तरी गुरं घराकडं वळवत होतं. थोड्या वेळानं वायरमननं काठी उचलली. "चल, अंधार पडेल."

काकूंनी पाय वर घेतले आणि कठड्यावर मांडी घातली.

"थांबा की," त्या म्हणाल्या. "घाई कसली आहे?"